मेव्हिसने पुढे घालवलेली गाडी

कूमली या लहानशा खेड्याच्या स्टेशनावर ना मास्तर, ना हमाल; तिकीटखिडकी तर कधीच बुजवलेली. गाडी हवी असेल त्याने फलाटावर उभं राहून हात दाखवायचा, नाहीतर ती थांबत नाही. गावातली मेव्हिस तिथे यायची ती फक्त फलाटावरच्या कुंड्यांना पाणी घालायला. आपल्याला बघून ड्रायव्हरने उगाच ब्रेक लावू नये, म्हणून ती लांबूनच ‘जा, जा’ अशी खूण करायची. कुणाला तसदी द्यायची नाही, हे तिकडच्या माणसांचं बाळकडूच. मेव्हिसला त्याचा जरा तोराही होता.

त्या सकाळीही तिने खूण केली. गाडी धडधडत निघून गेली आणि मागच्या काचेच्या आडोशातून म्हातारा डेन्झिल काठी टेकत बाहेर आला. वारा बोचतो म्हणून तो आत बसला होता, आणि गुडघ्यामुळे वेळेवर उठता आलं नाही. त्याची बायको आयरिस शहरातल्या हॉस्पिटलात होती. ऑपरेशनला नेण्याआधी मी येतो, असा त्याने तिला शब्द दिला होता.

मेव्हिसने खुणेचा हात पटकन खाली घेतला.

“थांबलाच नाही बघ,” डेन्झिल म्हणाला. “त्याला दिसलं नसेल.”

“दिसायला बघावं लागतं! लक्षच नसतं मेल्यांचं,” ती बोलून गेली, आणि स्वतःचंच तोंड तिला कडू लागलं.

तिने टॅक्सीला फोन केला. दुपारपर्यंत एकही मोकळी नव्हती. तिला स्वतःला मोटार चालवता येत नव्हती. मग दोघं बाकावर पुढच्या गाडीची वाट बघत बसली. डेन्झिल सारखा घड्याळ बघत होता. सांगून टाकावं, असं तिला दर वेळी वाटे, पण जीभ रेटत नव्हती.

पुढच्या फेरीला तीच गाडी आली, ड्रायव्हरही तोच. डेन्झिलने हात दाखवला. ड्रायव्हर डोकावून म्हणाला, “काका, मघाशी होतात की काय? पण मेव्हिसबाईंनी तर...” तिचा चेहरा बघून तो थबकला. “चुकलंच माझं.”

आता मात्र तिला राहवेना. “त्याचं नाही. मीच घालवली गाडी, डेन्झिल. आणि वर त्यालाच नावं ठेवली.”

“माहितीये गं,” डब्यात चढता चढता डेन्झिल म्हणाला. “काचेतून दिसलं मला. तुला अवघडायला नको म्हणून बोललो नाही.” मग दाराचा दांडा धरून तो वळला. “आयरिसला एव्हाना आत नेलं असेल. सॉरी हं, तुझी सकाळ मोडली माझ्यापायी.”