पट्टेरी कर्दळ

सिस्टर निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी अख्खी गल्ली त्यांना सिस्टरच म्हणायची. छत्तीस वर्षं त्यांनी ऑपरेशनचे पेशंट सांभाळले होते आणि भल्याभल्या डॉक्टरांना हात धुवायला परत पाठवलं होतं. वॉर्ड सुटल्यावर ओरडायला कोणी उरलं नाही, म्हणून हिने अंगणात कर्दळी लावल्या, असं त्यांचे दादा म्हणायचे. त्यात तथ्य होतं. कर्दळीसुद्धा त्यांच्यासमोर खाटांसारख्या ओळीत, दीड-दीड हात अंतर राखून उभ्या असायच्या.

दोन वर्षांपूर्वी त्यातल्या एका लाल कर्दळीच्या पानांवर पिवळे पट्टे उमटले. शिरांच्या कडेने गेलेले, बारीक, नीटस. सिस्टरांना आभाळ ठेंगणं झालं. आपल्या हातून नवी जात निपजली, असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं. कोणाला विचारायचं म्हणजे आपल्याला ठाऊक नाही असं कबूल करायचं, आणि ती सवय त्यांना कधीच नव्हती. त्यांनी कंद फोडून त्याच पट्टेरी कर्दळीची ओळ केली.

त्यातली पहिली कुंडी गेली भिंतीपलीकडे, दादा-वहिनींच्या घरी. ही साधी गोष्ट नव्हे. नणंद-भावजयींनी अकरा वर्षं एकमेकींचं तोंड पाहिलं नव्हतं. सिस्टर-दादांची आई अंथरुणाला खिळली होती तेव्हा वहिनींनी तिचं सगळं केलं होतं. तरी आईच्या पाठीला जखमा झाल्या, आणि सिस्टर दवाखान्याच्या व्हरांड्यात सगळ्यांदेखत म्हणाल्या, “दर दोन तासांनी कूस बदलायची असते, एवढं साधं कळत नाही?” वहिनी एक अक्षर बोलल्या नाहीत. त्या दिवशी नाहीत आणि पुढची अकरा वर्षंही नाहीत. मग सिस्टर कुंडी घेऊन दारात उभ्या राहिल्या तेव्हा वहिनींनी आधी पानांकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे, आणि म्हणाल्या, “उन्हात का उभ्या? आत या.”

तेव्हापासून सिस्टर दर आठवड्याला आपली कात्री घेऊन पलीकडे जायच्या. आधी कुंडीतली पट्टेरी नीट करायच्या, मग वहिनींच्या वाफ्यातले सुकलेले दांडे कापायच्या. वहिनींच्या कर्दळीला खरबुजाच्या गराच्या रंगाची फुलं यायची. माहेरच्या विहिरीवरून आणलेले कंद होते ते. माहेरचं घर केव्हाच पाडलं, विहीर बुजवली. आता ती कर्दळ जगात फक्त या वाफ्यात होती. दोघी मातीत बसून जुन्या नातेवाइकांची यथेच्छ निंदा करायच्या, आणि दादा पेपराआडून म्हणायचे, “चला, जमलं यांचं मेतकूट.”

आणि एके दिवशी खत द्यायला आलेला रोपवाटिकेचा मालक पट्टेरी ओळीपुढे थबकला. त्याने एक पान उन्हाकडे धरलं.

“सिस्टर, ही जात नाही. रोग आहे.”

“काहीतरीच काय!”

“खोडाचा रस लागला की पसरतो. एकाला लावलेली कात्री न पुसता दुसऱ्याला लावली, की संपलंच. औषध नाही याला. कंदासकट उपटून जाळायचं.”

सिस्टर पायरीवर बसल्या. एका पेशंटची पट्टी सोडून तशीच कात्री दुसऱ्याला लावणाऱ्या नर्सला त्यांनी एकदा रडेपर्यंत झापलं होतं. आणि स्वतः वर्षभर, आठवड्यामागून आठवडा, दुसरं काय केलं होतं? कर्दळ थोडीच आजारी पडते, हा त्यांचा हिशेब.

गप्प बसता आलं असतं. वाफा हळूहळू खुरटला असता, वहिनींनी उन्हाला नाहीतर खताला दोष दिला असता. हा विचार मनात आला याचीच त्यांना लाज वाटली. तिसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या सगळ्या कर्दळी उपटल्या, जाळल्या, आणि मातीच्या हातांनीच पलीकडे गेल्या.

वहिनी वाफ्याशीच होत्या, लहान मुलीसारख्या खुशीत. “वन्सं, बघा ना! माझ्या कर्दळीलाही पट्टे आले! लेकीला पाठवायला चार कंद काढतेय.”

“काढू नका वहिनी. तो रोग आहे. सगळा वाफा उपटावा लागेल.”

वहिनींचं हसू मावळलं. “तुमच्याकडे आले तेव्हा नवी जात, आणि माझ्याकडे आले की रोग?”

“माझ्याकडेही रोगच होता. मला कळलं नाही.”

“तुम्हाला कळलं नाही?” वहिनींचा आवाज चढला. “माझ्या हातून काही चांगलं झालेलं तुम्हाला बघवतच नाही, सिस्टर. माझ्या आईची कर्दळ आहे ही. मी नाही उपटणार.”

सिस्टरांनी वाद घातला नाही. त्यांनी वहिनींचा हात धरला आणि त्यांना आपल्या अंगणात नेलं. तिथे उघडी माती होती, आणि कोपऱ्यात राख, अजून कोमट.

“पण माझ्या वाफ्यात आला कुठून?” वहिनींनी हळूच विचारलं.

“मी आणला. माझ्या कात्रीने. आधी पट्टेरी कापायचे आणि तशीच तुमच्या कर्दळीला लावायचे.”

वहिनींनी डोळे मिटले. “तुमच्या आईची कूस मी बदलायचे,” त्या म्हणाल्या. “दर दोन तासांनी. घड्याळ लावून उठायचे. तरी झाल्या जखमा. त्या कधीकधी होतातच ना?”

“होतात,” सिस्टर म्हणाल्या. “तेव्हाही मला माहीत होतं. आईचं काही करता येत नव्हतं, म्हणून तुमच्यावर राग काढला. माझं चुकलं, वहिनी.” एवढं बोलताना त्यांना रडू फुटलं, आणि रडण्याची सवय नसल्याने ते धड आवरताही येईना.

वहिनी घरी गेल्या आणि त्यांनी कुदळ उचलली. सिस्टर पुढे झाल्या तर त्यांनी हातानेच त्यांना थांबवलं. दादांनाही जवळ येऊ दिलं नाही. चाळीस वर्षांचा वाफा त्यांनी एकटीने खणला. एकेक कंद मातीतून काढून हातात धरायच्या, वळवून बघायच्या, आणि ढिगात टाकायच्या. काही दांड्यांवर फुलं होती. तीही त्यांनी ठेवली नाहीत. सिस्टर कुंपणाशी उभ्या होत्या. बसायची त्यांची हिंमत झाली नाही.

ऊन कलल्यावर वहिनींनी ढीग पेटवला. ओले कंद धड जळेनात, नुसता धूर झाला. सिस्टर जायला निघाल्या.

“तुमचा राग आलाय मला,” वहिनी धुराकडे बघत म्हणाल्या. “इतक्यात जायचा नाही तो.”

“हो.”

“तो गेल्यावर येईन, असं म्हणून घरी बसू नका. मागे अकरा वर्षं गेली. उद्या सकाळी या. मी बोलणार नाही कदाचित. तरी या.”