उठलेल्याच्या जखमा

त्याला सगळे बेमालूम म्हणत. खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण पाटी वाचतो कोण? मोडलेल्या मूर्ती, फुटलेल्या फुलदाण्या, कान गेलेले कप तो असे जोडून द्यायचा, की मालकालासुद्धा बोट ठेवून सांगता येऊ नये, इथे तुटलं होतं म्हणून. गिऱ्हाइकाने वस्तू उलटसुलट करून पाहिली आणि हार मानली, की याचं पोट भरायचं.

चर्चमधली मूर्ती ईस्टरच्या तीन आठवडे आधी त्याच्याकडे आली. झाडलोट करताना शिडीचा धक्का लागून ती कोनाड्यातून खाली आली होती. प्लास्टरची, कमरेएवढी उंच, पांढऱ्या झग्यातला येशू, दोन्ही हात पुढे केलेले. एक मनगट निखळलेलं, एक पाऊल दुभंगलेलं, झग्याच्या घडीचे टवके गेलेले. चर्चची देखरेख करणाऱ्या बाईंनी ती चादरीत गुंडाळून आणली आणि बजावलं, "शनिवारी चारला न्यायला येणार. रविवारी कोनाडा रिकामा दिसला, तर तुम्हालाच उभं करीन तिथे."

या वेळी कामाला दोन हात जास्त होते. त्याची धाकटी बहीण नऊ वर्षांनी परत आली होती. दोघांनी हे काम वडिलांकडेच शिकलेलं, जोडकाम त्याचं, रंगकाम तिचं. मग एका भांडणात तो बोलून गेला, "जातेस तर जा, पण परत तोंड दाखवू नकोस." ती शब्दाची पक्की. दुसऱ्या शहरात कपबश्या रंगवण्याच्या कारखान्यात लागली आणि खरोखरच तोंड दाखवलं नाही. आता कारखाना बंद पडला, तेव्हा एक पिशवी घेऊन दारात उभी राहिली. म्हणाली, "ईस्टरपर्यंत थांबते. पुढचं पुढे."

पहिल्याच दिवशी तिने विचारलं होतं, "बाबांनी शेवटी माझी आठवण काढली का रे, दादा?"

"शुद्धच नव्हती त्यांना," तो म्हणाला.

तिने मान हलवली आणि ब्रश धुवायला घेतले.

हे साफ खोटं होतं. सहा वर्षांपूर्वी बाबा अकरा दिवस अंथरुणावर होते आणि अकराही दिवस टक्क शुद्धीत होते. रोज तिचं नाव घेत होते. हा रोज सांगायचा, "फोन केलाय, निघालीय ती." फोन केलाच नव्हता. सगळं आटोपल्यावर चौथ्या दिवशी केला, आणि तेव्हा ती आली नाही. येऊन करणार काय? त्याने असं का केलं, तर उशापायथ्याशी बसून गू-मूत काढणाऱ्या पोराचं नाव बापाच्या तोंडी एकदाही आलं नाही म्हणून. राग बापावरचा, काढला बहिणीवर. वड्याचं तेल वांग्यावर म्हणतात ते हेच, पण इतकं महागात पडलेलं क्वचितच असेल.

गेले तीन आठवडे मात्र सगळं कसं सुतासारखं सरळ चाललं होतं. सकाळी ती रंग कालवायची, तो पॉलिश पेपर मारायचा, संध्याकाळी दोन ताटं वाढली जायची. तिने कायमचं राहावं असं त्याला मनापासून वाटत होतं. एकट्याने जेवून जेवून त्याला अन्नाचाच वीट आला होता. भेग बुजली, वर रंगही बसला, आता खरवडायचं कशाला, असं तो स्वतःला सांगायचा. खरं कळलं तर ती त्याच पावली निघून जाईल, याबद्दल त्याला शंका नव्हती.

मूर्तीच्या तळहातांना, पावलांना आणि कुशीत खड्डे होते. त्याने पुट्टी कालवली, तेव्हा धाकटी म्हणाली, "दादा, हे पडून झालेले दिसत नाहीत."

"खिळ्यांच्या खुणा आहेत, एवढं मलाही कळतं. क्रुसावरचे पंधरा तरी जोडलेत मी. पण ते मेलेले. हा उठलेला. चेहरा बघ किती प्रसन्न! मरणातून बरा होऊन आलेल्याच्या हाताला भोकं कशी राहतील? कुणा अडाण्याने ठेवली असणार."

त्याने पाचही भोकं भरली, घासली, आणि तिने त्यावर कातडीचा रंग चढवला. असे हात त्याने जन्मात केले नव्हते.

शनिवारी चारला येणाऱ्या बाई सकाळी दहालाच हजर. त्यांना धीर निघत नव्हता. मूर्तीभोवती एक चक्कर मारली, मनगटाला हात लावला, "वा, जादू आहे हो हातात," म्हणाल्या. मग तळहातांकडे लक्ष गेलं आणि त्यांचा चेहराच उतरला.

"हे कोण?"

"कोण म्हणजे? तुमचाच देव."

"आमचा नाही हा. आमच्याच्या हाताला जखमा आहेत."

बेमालूमला हे झोंबलं. कामाला नाव ठेवलेलं त्याला कधी खपलं नव्हतं. "बाई, जो मरणाला पुरून उरला, त्याला चार खिळ्यांची भोकं बुजवता आली नाहीत?"

बाई स्टुलावर टेकल्या. तीस वर्षं त्यांनी रविवारी पोरांना धडे दिले होते, त्यामुळे उत्तर शोधायला त्या थांबल्या नाहीत. "तो उठून आला, तेव्हा त्याच्याच माणसांना खरं वाटेना. भूत आहे म्हणाले. एकजण तर म्हणाला, जखमेत बोट घातल्याशिवाय मी मानणार नाही. मग यानं काय केलं? हात पुढे केले. घाल म्हणाला. अहो, संकटात याला टाकून पळालेली माणसं ती! त्यांच्याकडेच आला, पण काही झालंच नाही असं सोंग नाही केलं. झालेलं सगळं अंगावर घेऊन आला आणि तरी म्हणाला, घाबरू नका. जखमा पुसल्यात तर मग उठला कोण? नवाच कुणीतरी. मरणाचा शुक्रवार खोटा ठरवलात की उठण्याचा रविवारही खोटाच."

"मला वाटलं, उठला म्हणजे पहिल्यासारखा झाला."

"पहिल्यासारखा नाही," बाई उठत म्हणाल्या. "पहिल्यासारखं कुणीच होत नाही. चारला येते. भोकं परत पाडून ठेवा."

त्या गेल्या. बेमालूमने गिरमिट काढलं. आयुष्यात धड केलेलं काम स्वतःच्या हाताने बिघडवायची ही पहिलीच पाळी. प्लास्टर हादरून तडकू नये म्हणून धाकटीने मूर्तीचा हात खालून आपल्या दोन्ही हातांत धरला. तो सावकाश फिरवू लागला. पांढरी भुकटी तिच्या मांडीवर पडत राहिली.

"उद्या निघेन म्हणते," ती म्हणाली.

त्याचा हात थांबला. "का? काही कमी पडलं का?"

"नाही रे. तू फार चांगला वागतोस, दादा. पाहुणीशी वागावं तसा. आपण प्लास्टरबद्दल बोलतो, रंगाबद्दल बोलतो. तेवढंच. असं किती दिवस राहायचं?"

उजव्या हाताचं भोक पुरं झालं होतं. तिने डावा हात धरला, त्याने गिरमिट टेकवलं आणि तसंच ठेवलं. एका प्रवचनाने पालटावा असा हा माणूस नव्हता. तीस वर्षांत त्याने एकही भेग गिऱ्हाइकाला दाखवली नव्हती. पण लपवूनही ती जाणारच होती. आणि लपवून लपवून तो थकला होता, हेही खरं.

"बाबा शुद्धीत होते," तो म्हणाला.

तिने मूर्तीचा हात सोडला नाही. "किती दिवस?"

"अकराही दिवस."

"मला विचारत होते?"

"रोज."

"आणि तू काय सांगायचास?"

"फोन केलाय म्हणून. तू निघालीयस म्हणून. केला नव्हता. मुद्दाम नव्हता केला."

ती उठली. आता पिशवी घेणार, हे तो धरूनच चालला होता. तिने मोरीवर जाऊन हाताची भुकटी धुतली. बराच वेळ धुतली. मग दुकानाचं दार लावून घेतलं, स्टूल ओढून त्याच्या अगदी समोर बसली.

"पहिल्या दिवशी काय म्हणाले?"

"आता कशाला ते..."

"पहिल्या दिवशी."

त्याला सांगावं लागलं. पहिल्या दिवशी म्हणाले, तिला कळव, येताना बारीक ब्रश आण म्हणावं, इथले झडलेत. दुसऱ्या दिवशी दोनदा विचारलं, निघाली का? तिसऱ्या दिवशी म्हणाले, रागावली असेल माझ्यावर, मी तुमच्या भांडणात मध्ये पडलो नाही. चौथ्या दिवशी ताप होता, तरी विचारलं. पाचव्या दिवशी खाट फिरवायला लावली, दाराकडे तोंड करून.

"तू फिरवलीस?"

"फिरवली."

सहा वर्षांत हे त्याने स्वतःलासुद्धा सांगितलं नव्हतं. "पुरे ना आता," तो म्हणाला. "काय ते कळलं तुला. जायचं तर जा."

तिचे डोळे वाहत होते. ते तिने पुसले नाहीत, आणि जागची हललीही नाही.

"सहाव्या दिवशी?" तिने विचारलं.