व्याह्यांचं इंजेक्शन

औषध-निवड समितीची बैठक अकराला होती आणि मुख्य फार्मासिस्ट साडेनऊपासून एकाच कागदासमोर बसून होते. रुग्णालयात त्यांना तोंडावर तराजूसाहेब म्हणत, पाठीमागे नुसतं तराजू. गोळ्या मोजतात तशी माणसंही मोजतात, अशी त्यांच्याविषयी तक्रार होती. पण त्यांनी मोजलेलं पुन्हा मोजायला कुणी जात नसे.

कागद नेहमीचाच होता. 'आज विचारात असलेल्या कंपन्यांशी आपला किंवा आपल्या जवळच्या नातेवाइकांचा संबंध आहे काय?' खाली बारीक अक्षरांत नातेवाइकांची यादी : पती, पत्नी, आईवडील, मुलं, भावंडं. एकोणीस वर्षं त्यांनी 'नाही'वर डोळे झाकून खूण केली होती. मात्र आठ दिवसांपूर्वी लेकीचं लग्न ठरलं. मुलगा गणिताचा शिक्षक, त्यात काही अडचण नव्हती. अडचण मुलाच्या वडिलांची होती. ते एका औषध कंपनीत विक्री व्यवस्थापक होते आणि त्याच कंपनीचं प्रतिजैविकाचं इंजेक्शन आज समितीपुढे येणार होतं.

त्यांनी घरी फोन लावला.

"अगं, यादीत व्याही नाहीत."

"कसली यादी?" बायकोने विचारलं. त्यांनी सगळं वाचून दाखवलं. "शिवाय लग्न अजून झालेलं नाही. आजच्या तारखेला ते नुसते एक गृहस्थ आहेत."

"हो का? मग काल शेजाऱ्यांना कोण सांगत होतं, आमचे व्याही म्हणजे देवमाणूस?" मग तिने आवाज खाली आणला. "तुम्ही लिहाल तेच खरं. पण लिहिलंत तर त्यांच्या कानावर जाणार. सोयरीक जुळून आठ दिवस झाले नाहीत, तोवर लेकीच्या सासऱ्यावर शेरा मारून मोकळे झालात असं नको व्हायला."

तराजूसाहेबांना घोर वेगळाच होता. कंपनीच्या पत्रकात लिहिलं होतं, पावडर दोन मिनिटांत विरघळते. तीन दिवसांपूर्वी त्यांनी स्वतः सहा बाटल्यांत पाणी सोडलं, तळहातांत घोळवल्या, घड्याळ लावलं. सरासरी आठ मिनिटं. लहान मुलांच्या वॉर्डात भर गर्दीत आठ मिनिटं कोण थांबणार? नर्स अर्धवट विरघळलेलं औषध सिरिंजमध्ये ओढणार, बाकीचं बाटलीच्या तळाशी राहणार आणि तापाने फणफणलेल्या पोराला निम्मा डोस जाणार.

हे फक्त त्यांना माहीत होतं. चाचणीवर सही त्यांच्या एकट्याची होती. दुसऱ्याच्या घड्याळावर त्यांचा भरवसा नसे, म्हणून त्यांनी कुणाला बोलावलंच नव्हतं. आता 'होय' लिहिलं तर बैठकीबाहेर जावं लागणार आणि अहवालही बाद होणार. 'नाही' लिहिलं तर अहवाल तरणार, इंजेक्शन अडणार, मुलं वाचणार. खोटं बोलून चांगलं काम होत असेल तर वाईट काय?

पण सकाळपासून एक शंका मनातून हलत नव्हती. चाचणी लग्न ठरल्यानंतर केली होती. व्याह्यांना झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये, या भीतीने आपण घड्याळ जरा उशिराच तर थांबवलं नाही ना? त्यांनी तो क्षण आठवून पाहिला. उत्तर सापडेना. एकोणीस वर्षांत स्वतःच्या हाताविषयी अशी खात्री नसल्याची ही पहिलीच वेळ होती.

अकराला पाच मिनिटं असताना त्यांनी लिहिलं : 'होय. होणारे व्याही.'

अधीक्षक बाईंनी कागद वाचला, चष्मा वर केला.

"अभिनंदन. आता बाहेर बसा."

"बसतो मॅडम, पण ते इंजेक्शन एक—"

"एक शब्दही नको. अहवाल इकडे द्या, पाकिटात बंद राहील. तुम्ही नाही आहात असं समजून आम्ही ठरवू."

"तराजूसाहेब, आहेर तेवढा आत ठेवून जा," सर्जन म्हणाले आणि हशा पिकला.

बाहेरच्या बाकावर ते पाण्याच्या यंत्राची गुरगुर ऐकत बसले. वीस मिनिटं झाली. आतून एकदा हसण्याचा आवाज आला. मंजूर करून मोकळे झाले वाटतं! दार ठोठावावं म्हणून ते उठले आणि पुन्हा बसले. तेवढ्यात मुलांच्या वॉर्डाच्या मोठ्या सिस्टर बाहेर आल्या आणि तरातरा औषध भांडाराकडे गेल्या. परतल्या तेव्हा हातात ट्रे होता. ट्रेमध्ये त्याच इंजेक्शनच्या नमुन्याच्या सहा बाटल्या, पाणी आणि सिरिंज.

"सिस्टर, आत काय चाललंय?"

"तुम्हाला सांगायचं नाही असं ठरलंय."

"बाटल्या घोळवून बघा, हलवू नका. फेस—"

"साहेब, मी सव्वीस वर्षं बाटल्याच घोळवतेय. तुम्ही पाणी प्या."

बारा वाजून दहा मिनिटांनी त्यांना आत बोलावलं. टेबलावर बाटल्या ओळीने मांडल्या होत्या. प्रत्येकीपुढे मिनिटं लिहिलेली चिठ्ठी होती.

"नामंजूर," अधीक्षक बाई म्हणाल्या. "पत्रकावर विश्वास ठेवून सही करणारच होतो. सिस्टर म्हणाल्या, आधी मला घोळवू द्या. चार जणांनी चार घड्याळं लावली. आता तुमचं पाकीट फोडू."

त्यांनी आकडा वाचला आणि कागद सर्जनकडे सरकवला.

"आमची सरासरी पावणेनऊ," सर्जन म्हणाले. "तुमची आठ. म्हणजे व्याह्यांना पाऊण मिनिट सोडलंत की!"

सगळे हसले. तराजूसाहेबांचे कान तापले. हात झुकला होता तर, आणि तोही त्यांना ज्याची शंकाच आली नव्हती त्या बाजूला. पण छातीवरचं ओझं असं उतरलं होतं की शरमेला फारशी जागा उरली नाही.

व्याह्यांना सांगणं अजून बाकी होतं. दुपारी त्यांनी मन घट्ट करून फोन केला.

"व्याहीबुवा, आज आमच्याकडे बैठक होती. मी आपलं नातं लेखी कळवलं आणि बाहेर बसलो."

पलीकडून मोठा सुस्कारा आला.

"सुटलो हो! अहो, लग्न ठरलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी कंपनीत कळवलं. त्यांनी तुमचं रुग्णालय माझ्याकडून काढून घेतलं. पण तुम्हाला सांगू कसं? वाटेल, सोयरीक झाली नाही तोच हा माणूस अंग चोरतो. म्हणून आठ दिवस तुमच्याशी नुसता उन्हाळ्यावर बोलतोय. आमची ही म्हणते, एवढं हवामान तर बातम्यांतही सांगत नाहीत."

"आमचा निकाल—"

"नको नको! मला कळला तर मलाही एक कागद भरावा लागेल. त्यापेक्षा एक सांगू? इतके दिवस धीर होत नव्हता. तुम्ही माणूस मोजूनमापून बोलता, म्हणून मुलगा जरा घाबरतो तुम्हाला."

"मी? मला घाबरतो?" तराजूसाहेब खुर्चीत मागे रेलले. "अहो, मी तर केवढा बोलका माणूस!" आणि कितीतरी दिवसांनी ते घड्याळाकडे न बघता बोलत सुटले.