बोलक्या पुस्तकांना झालेला संसर्ग

ध्वनिमुद्रणाच्या खोलीत एरवी खोकायचीही चोरी. त्या दुपारी मात्र तिथे बाजार भरला होता. दृष्टिहीनांसाठी पुस्तकं वाचून मुद्रित करणारं ते छोटं ग्रंथालय. तिथे वाचायला येणारे झाडून सगळे एका संगणकाभोवती दाटीवाटीने उभे होते. पडद्यावरचा बाण कुणाचा हात नसताना आपला आपण फिरत होता.

"अहो, माउसला कुणी शिवलेलंसुद्धा नाही!" दातांचे डॉक्टर आ वासून म्हणाले. सुट्टीच्या दिवशी ते इथे कादंबऱ्या वाचायला येत. दुसऱ्याने आ केला की आत काय किडलंय ते त्यांना लगेच दिसे. स्वतः आ वासल्यावर मात्र काही दिसेना.

चमत्काराची सुरुवात साधी होती. ग्रंथालय सांभाळणारे काका एका मुद्रणातली घरघर काढणारा फुकटचा प्रोग्रॅम नेटवर शोधत होते. कुठल्याशा पानावरचं बटण दाबलं आणि पडदा लालभडक झाला. भोंगा वाजू लागला. 'तपासणी सुरू आहे' अशी पाटी, तिच्याखाली व्हायरसांची सरसर धावणारी नावं, चढत जाणारा आकडा आणि मधोमध एक फोन नंबर. काकांनी आधी भोंगा थांबवायला स्पीकरची वायर उपटली आणि मग त्या नंबरवर फोन लावून तो सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.

फोनवर जे गृहस्थ प्रकटले त्यांना थोड्याच वेळात सगळे 'इंजिनियर साहेब' म्हणू लागले. आवाज इतका गोड, की ऐकणाऱ्याला मधुमेह व्हावा.

"सर, घाबरू नका. पण परिस्थिती गंभीर आहे. इतका आजारी संगणक मी आयुष्यात पाहिलेला नाही. मी सांगतो तो प्रोग्रॅम उतरवून घ्या, म्हणजे मला इथून उपचार करता येतील. आणि पथ्य पाळा. संगणक बंद करायचा नाही, नेटची वायर काढायची नाही, बाहेरच्या कुणाला विचारायचं नाही. नाहीतर सगळं जळून जाईल."

कुठल्याही बुवाची पथ्यं काढून बघा, हीच असतात. दिवा लावायचा नाही, मध्येच उठायचं नाही, शंका काढायची नाही. फरक एवढाच, की या बुवाने अंगाऱ्याऐवजी प्रोग्रॅम दिला. काकांनी तो उतरवला, त्यात आलेला आकडा साहेबांना वाचून दाखवला, आणि घराची किल्ली अनोळखी माणसाच्या हातात गेली. बाण फिरत होता तो त्या माणसाच्या हाताने.

कोपऱ्यात बाई बसल्या होत्या. त्यांना जन्मापासून दिसत नाही. त्यांनी आयुष्यभर गणित शिकवलं, आणि निवृत्तीनंतर इथे येऊन प्रत्येक मुद्रण ऐकून त्यातल्या चुका काढण्याचं काम पत्करलं.

"काका, पडद्यावर नेमकं काय आहे?" बाईंनी विचारलं.

"सगळं लाल आहे, बाई. नुसते व्हायरस."

"ते कशात दिसतंय? कुठल्या प्रोग्रॅममध्ये?"

"कशात म्हणजे? ढळढळीत समोर दिसतंय!"

"स्पीकर जोडा. मला ऐकू दे." त्या संगणकात पडद्यावरचं सगळं बोलून दाखवणारा एक प्रोग्रॅम होता. बाईंचं काम त्याच्यावरच चाले.

"आत्ता नको हो, तो भोंगा पुन्हा सुरू होईल. आम्ही वाचतोय ना तुमच्यासाठी!"

खरी चूक इथे झाली. वर्षानुवर्षं दुसऱ्यांचे डोळे होण्याचं काम या माणसांनी मनापासून केलं होतं. त्यामुळे बाईंना स्वतःहून काही तपासायचं असेल, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

बाण एका फोल्डरवर जाऊन थांबला. त्या संगणकातला तो सगळ्यात मोठा फोल्डर होता. त्यात बाईंच्या धाकट्या बहिणीने वाचलेली पुस्तकं होती. लहानपणी ती बाईंना शाळेचे धडे वाचून दाखवायची, मोठेपणी इथे येऊन सगळ्यांसाठी वाचू लागली. गेल्या वर्षी ती वारली. पुस्तकांच्या स्वामित्वहक्काच्या अटींमुळे मुद्रणाची प्रत कुणाला देता येत नसे, श्रोते नेटवरून इथूनच ऐकत. बहिणीचा आवाज जगात उरला होता तो एवढाच. काम सुरू करण्याआधी बाई रोज त्यातलं एखादं पान ऐकत.

"संसर्ग इथून पसरतोय, सर. हे कोण ऐकतं?"

"आमचे श्रोते. आपापल्या घरी."

"अरेरे! म्हणजे घराघरात पोचला. हे आत्ताच्या आत्ता पुसा. दुसरी प्रत आहे?"

"वेगळ्या डिस्कवर आहे."

"तीही जोडून पुसा. तिलाही लागण झालेली आहे."

न बघता, न जोडता डिस्कचं निदान! निदान डॉक्टरांना तरी इथे शंका यायला हवी होती. ते मान डोलावत म्हणाले, "मुळासकट काढलेलं बरं."

"पुसू नका!" बाई उठून उभ्या राहिल्या. "काका, आधी मला तपासू द्या."

"बाई, मला कळतं हो तुमचं. पण आपल्यामुळे त्या बिचाऱ्या श्रोत्यांचं नुकसान झालं, तर? तुमच्या बहिणीला तरी ते चाललं असतं का?" काका रडकुंडीला आले होते. संगणकाने विचारलं, कायमचं पुसायचं? काकांनी 'हो' दाबलं. मग डिस्क जोडली आणि पुन्हा 'हो' दाबलं.

साहेब लगेच आयुष्यभराच्या संरक्षणाच्या योजनेवर आले. काका खिशात कार्ड शोधत असताना बाई टेबलाशी पोचल्या, डॉक्टरांना कोपराने बाजूला सारलं आणि आपला हेडफोन जोडला. एक कळ दाबली, मग दुसरी.

"ब्राउझर," कानात पडेल ते त्या मोठ्याने सांगू लागल्या. "वेब पान. चित्र. चित्र. पुन्हा चित्र. काका, कसलीही तपासणी चालू नाहीये. कुणीतरी वेबसाइटच्या पानावर हलतं चित्र लावून ठेवलंय."

त्यांनी टेबलामागे हात घालून नेटची वायर उपटली. फिरता बाण जागच्या जागी थिजला. फोनमधला मध आटला.

"वायर कुणी काढली? मूर्खांनो, सगळं जळेल!"

काहीच जळलं नाही. बाईंनी पानाचा पत्ता ऐकून डॉक्टरांना सांगितला. "तुमच्या फोनवर उघडा. नुसतं बघा, काही दाबू नका."

डॉक्टरांच्या फोनवर तोच लाल रंग आला. तीच नावं, त्याच क्रमाने. 'तुमच्या सी ड्राइव्हमध्ये व्हायरस सापडले.'

"सी ड्राइव्ह संगणकात असतो. तुमच्या फोनला आहे?"

"नाही," डॉक्टर खाली बघत म्हणाले.

बाईंनी ब्राउझर बंद केला आणि तो लाल रंग गेला. काकांना फोन ठेवायला लावलं. साहेबांनी उतरवायला लावलेला प्रोग्रॅम काढून टाकला, संगणक पुन्हा सुरू केला आणि त्यात आधीपासून असलेल्या खऱ्या अँटिव्हायरसकडून कानाकोपरा तपासून घेतला. नेट जोडलं ते त्यानंतर. पासवर्ड बदलले ते दुसऱ्या संगणकावरून. तपासणीत व्हायरस एकही सापडला नाही. परकं असं आत आलं होतं ते फक्त साहेबांचा प्रोग्रॅम, काकांनी स्वतःच्या हाताने आत घेतलेला.

"मग तो फोल्डर?" काकांनी विचारलं.

"सगळ्यात मोठा होता, म्हणून त्याने बोट ठेवलं. घाबरवायला काहीतरी दाखवावं लागतं."

पुसलेलं परत मिळवून देणाऱ्या दुकानात दोन्ही डिस्क नेल्या. हाती लागली ती नुसती खरखर. काका बाईंसमोर बसून लहान मुलासारखे रडले.

"तुमच्या मनात वाईट नव्हतं, काका," बाई म्हणाल्या. "पण चांगल्या मनाने चूक टळत नाही. कुणी घाबरवून घाई करायला लावू लागला, की थांबून एवढंच विचारायचं, हे खोटं असेल तर मला ते कसं कळेल? आणि कुणी तपासतो म्हणाला, तर त्याला तपासू द्यायचं."

हा प्रश्न कुणालाही विचारता येतो. त्याला शिक्षण लागत नाही, डोळेही लागत नाहीत. जो खरा असतो तो तपासू देतो. भामटा मात्र वायर काढू नका म्हणतो. असं कुणी म्हणालं, की आधी वायर काढा, फोन ठेवा आणि जाणत्या माणसाला विचारा.

बाई अजूनही कामावर येतात. बहिणीने वाचलेली कितीतरी वाक्यं त्यांना पाठ आहेत. मनातल्या मनात म्हणायला गेलं, की ती हल्ली त्यांना स्वतःच्याच आवाजात ऐकू येतात.