निळ्या चकतीची जागा

मित्रांनो, मी मालिशचे एक जुने टेबल आहे. माझ्यावर कोणी कधी जेवले नाही की अभ्यासाला बसले नाही. माझ्यावर माणसे आडवी होतात, आणि बहुतेक वेळा खोटे बोलतात.

माझा जन्म इंग्लंडमधल्या ब्रॅकनशॉचा. तेव्हा या गावात सांगण्यासारख्या दोनच गोष्टी होत्या, एक कातड्याचा कारखाना आणि दुसरा फुटबॉलचा क्लब. सेथ नावाच्या सुताराने माझे पाय बीच नावाच्या झाडाच्या लाकडातून काढले आणि सांध्यांना लोखंडी पट्ट्या ठोकल्या. वरचे कातडे कारखान्याने दिले. आत घोड्याचे केस भरले. हे सगळे झाले विल्फ एंटविसलसाठी. विल्फ क्लबचा मालिशवाला. डॉक्टरकीचे शिक्षण त्याला नव्हते. एक बादली, एक स्पंज आणि डोळ्यांतून पाणी काढणाऱ्या तेलाची बाटली, एवढाच त्याचा दवाखाना.

माझी एक खूण सांगते. कातडे संपते तिथे, कडेच्या खालच्या बाजूला लाकूड उघडे आहे. वाकून हात फिरवलात तर बोटांच्या खाचा लागतील. त्या सेथने केलेल्या नाहीत.

त्या काळी लीगचे सामने म्हणजे वर्षभराची नोकरी होती, आणि कप म्हणजे सण. कपमध्ये एकदा हरले की संपले, म्हणून तर आमच्यासारख्या लहान गावालाही लंडनच्या बड्या क्लबला घरी बोलावून घाम फोडता येत असे. कपच्या आदल्या दिवशी माझ्यावर जो येई, तो ठणठणीत असे. निदान तसे सांगत असे.

लेन शटलवर्थ आमचा डावीकडून धावणारा खेळाडू. एका शुक्रवारी तो लंगडत आला आणि माझ्यावर पालथा पडला. घोटा पावासारखा फुगला होता. विल्फने अंगठा दाबला.

"दुखतंय का रे?"

"छे! गुदगुल्या होतायत."

"मग तोंड असं का केलंयस?"

"तुझ्या तेलाचा वास, विल्फ! मेलेला मासा पण उठून पळेल."

विल्फ हसला. लेनही हसला. पण त्याची डावी मूठ माझ्या कडेखाली होती आणि नखे लाकडात रुतत चालली होती. विल्फला ती दिसत नव्हती. मला कळत होती. मी बोलू शकत असते, तरी बोलले असते का? तेव्हा मला त्या गुपिताचा अभिमान वाटत असे, हे कबूल करते.

शनिवारी बरोबरी झाली. तेव्हा बरोबरी झाली की बुधवारी पुन्हा खेळत. त्या बुधवारी कारखान्याला अर्धी सुट्टी मिळाली. शाळेत निम्म्या मुलांना पडसे झाले होते आणि तिघा मास्तरांनाही. लेन दोन्ही सामने खेळला. शेवटच्या मिनिटाला त्याच्याच पासवर गोल झाला. लोकांनी त्याला खांद्यावर बसवून आत आणले आणि माझ्यावर ठेवले, जसे दुकानात मोठा केक ठेवतात तसे.

तो घोटा पुन्हा कधी सरळ झाला नाही. लेन पुढे तीस वर्षे त्याच पायाने लंगडत कारखान्यात गेला. म्हातारपणी कधीमधी येऊन माझ्यावर बसे. "त्या बुधवारासाठी दुसरा पाय पण दिला असता," असे म्हणून मांडीवर थाप मारी. पण उठताना त्याला दोन्ही हात टेकावे लागत, ते तो कोणाला सांगत नसे.

म्हणून जुने दिवस फार चांगले होते, असे मी तुम्हाला सांगणार नाही.

मग विल्फ गेला, कारखाना बंद पडला, जुन्या खोलीच्या जागी काचेची इमारत आली. बटण दाबले की वरखाली होणारी चार नवी टेबले आली. मला काढूनच टाकणार होते, पण नव्या फिजिओने, हेदरने, अडवले. "याचे पाय हलत नाहीत. असू दे कोपऱ्यात." हेदर शिकलेली, शांत बाई. घरी अडीच वर्षांचा मुलगा. तो पडला की स्वतःच उठून "काही नाही झालं" म्हणायला शिकला होता, आणि याची तिला फार काळजी वाटे.

माझ्या कोपऱ्यासमोर भिंतीवर वर्षाचा तक्ता होता. प्रत्येक दिवसाला एक चौकोन. लीगच्या सामन्याला लोहचुंबकाची लाल चकती, कपच्या सामन्याला निळी. दरवर्षी तक्त्यावर गर्दी वाढत गेली. शनिवार, मंगळवार, शनिवार, मंगळवार. टीव्हीच्या सोयीने शुक्रवार. मध्येच कोणी आपल्या देशाकडून खेळायला विमानाने जाई आणि सुजलेल्या डोळ्यांनी परत येई. वीस-एकवीस वर्षांची मुले माझ्यावर आडवी होताच झोपून जात. मी त्यांच्या पिंढऱ्या ओळखते. ताणलेल्या दोरीसारख्या लागतात. पाय खोटे बोलत नाहीत, मित्रांनो. ती मुले खरोखर थकलेली होती.

मग मॅनेजरने काय करावे? लीगमध्ये शेवटच्या नंबरांवर घसरलो तर खालच्या लीगमध्ये ढकलले जातो, मग साऱ्या क्लबचे हाल. म्हणून तो कपमध्ये चांगले खेळाडू घरी बसवू लागला. एकेकाळी दुखरी माणसे ठणठणीत असल्याचे सांगत. आता ठणठणीत माणसांच्या नावापुढे 'दुखापत' असे लिहिले जाऊ लागले. कपच्या आदल्या दिवशी खोलीत कोणी येईना. माझ्या कडेखाली धूळ साचली.

एका माणसाला मात्र निळ्या चकतीचीच ओढ होती. स्टू ओग्डेन. वय पस्तीस, आमचा दुसरा गोलकीपर. लीगचे सगळे सामने एकवीस वर्षांचा मॅग्नुस खेळे. दुसऱ्या गोलकीपरला कपचे सामने देण्याची रीत आहे. नाहीतर तो बिचारा वर्षभर फक्त गरम कोट घालून बाकावर बसतो. गेल्या तीन वर्षांत आम्ही कपमध्ये पहिल्याच सामन्यात हरत आलो होतो, तेही बाहेरगावी. म्हणजे स्टूच्या वाट्याला वर्षाला एक सामना.

त्याची मुलगी एफी सात वर्षांची. शाळेत बाईंनी विचारले, तुझे डॅडी फुटबॉलमध्ये काय करतात? एफीने सांगितले, "माझे डॅडी बसतात." ही गोष्ट स्टूनेच हसत हसत सगळ्यांना सांगितली. त्या वर्षी संघातली मुले त्याला "काय रे, आज कसा बसलास?" असे विचारत, आणि तो म्हणे, "डाव्या बाजूने बसलो. उजवी बाजू उद्यासाठी राखून ठेवलीय."

त्या जानेवारीत कपचा सामना आमच्याच मैदानावर आला. एफी पहिल्यांदा त्याला खेळताना बघणार होती. स्टूचा करार उन्हाळ्यात संपत होता, म्हणजे बहुधा शेवटचेही.

गुरुवारी सरावात त्याच्या उजव्या हाताचे बोट मुडपले. शुक्रवारी तो हेदरकडे आला. चारही नवी टेबले रिकामी होती, तरी माझ्यावर बसला.

"दाखव," हेदर म्हणाली.

"काही नाही गं. दारात सापडलं."

"काल दारात सापडलं आणि आज वांग्यासारखं झालं?"

"घरचं दार आहे. वजनदार आहे."

ती हलके हलके दाबू लागली. स्टूचा डावा हात माझ्या कडेखाली गेला. कितीतरी वर्षांनी तिथे कोणाची बोटे आली आणि लेनच्या खाचांमध्ये बरोबर बसली. मी शहारले.

"दुसरा हात वर घे, स्टू."

"कशाला?"

"माझा मुलगा पण एक हात लपवून 'काही नाही झालं' म्हणतो. दोन्ही हात मला दिसू देत."

त्याने हात वर घेतला. तिने पुन्हा दाबले. तो छताकडे बघत राहिला. कानशिलावर घामाचा एक थेंब आला आणि ओघळला.

"दुखतंय?"

"नाही."

"स्टू."

"उद्या एफी येणार आहे," तो म्हणाला. एवढेच.

हेदरने पट्टीचे बंडल उचलले. मग तिने ते बोट शेजारच्या बोटाला बांधले आणि कागदावर 'खेळण्यास योग्य' असे लिहिले. तिला कळले होते. पट्टीचे तीन वेढे पुरतात तिथे तिने सात घेतले, यावरूनच मला समजले.

मला त्या कोपऱ्यातून मैदान दिसत नसे. भिंतीतून आवाज येई, त्यावरून ताडत असे. त्या शनिवारी आवाज पातळ होता. प्रेक्षकांचा वरचा मजला उघडलाच नव्हता. आमचे दहा नेहमीचे खेळाडू घरी होते, आणि समोरच्यांचे नऊ. एक गोल इकडे, एक तिकडे. मग जादा अर्धा तास. आता पुन्हा बुधवारी खेळणे नाही, त्यामुळे त्यानंतर पेनल्टी. पातळ आवाज हळूहळू दाट होत गेला. एकदा सारे श्वास थांबल्यासारखे झाले, आणि मग असा गलका उठला की माझ्या लोखंडी पट्ट्या थरथरल्या. स्टूने दोन पेनल्टी अडवल्या होत्या. दुसरी त्याच हाताने.

आम्ही जिंकलो होतो.

थोड्या वेळाने स्टू माझ्यावर येऊन बसला, हात बर्फात घालून. शेजारी एफी, त्याचा दुसरा हातमोजा कोपरापर्यंत चढवून, पाय हलवत. तिचे तोंड बंद होत नव्हते. "डॅडी, तुम्ही झेप घेतलीत ना, तेव्हा मागचे आजोबा रडले! खरंच! त्यांच्या हातातला चहा सांडला!"

तेवढ्यात मॅनेजर आत आला. "छान खेळलास, स्टू," म्हणून त्याने पाठीवर हात ठेवला. मनापासून ठेवला. मग डब्यातून एक निळी चकती काढून तो तक्त्यासमोर उभा राहिला. पुढच्या फेरीसाठी जागा शोधत होता.

"मंगळवारी बाहेरगावी. शनिवारी घरी. परत मंगळवार..." तो हेदरला म्हणाला, "कुठे कोंबू हिला? आज दोन तास पळवलंय पोरांना. खरं सांगू? आज हरलो असतो ना, तर मला जरा झोप लागली असती."

स्टू तिथेच बसलाय, हे तो विसरला होता.

"सॉरी बॉस," स्टू म्हणाला. "पुढच्या वेळी सोडतो."

मॅनेजरचे कान लाल झाले. "तसं नाही रे, तुला माहितीय मला काय..."

"माहितीय, बॉस."

एफीचे पाय हलायचे थांबले. "डॅडी, आपण जिंकलो ना?"

"जिंकलो गं."

"मग हे असे का बघतायत?"

एफी खाली उतरली आणि तिने मॅनेजरच्या हातातली चकती घेतली. "मी शोधते जागा." तिने टाचा उंच करून एकेक चौकोन पाहिला. कुठे लाल चकती होती, कुठे 'प्रवास' लिहिले होते, कुठे 'आराम'. सगळा तक्ता बघून झाला. मग ती वळली आणि तिने चकती माझ्या पायाच्या लोखंडी पट्टीला लावली. टक् असा आवाज झाला.

"इथे राहू दे," ती म्हणाली. "जागा झाली की लावा."

मॅनेजर गेल्यावर हेदरने सात वेढे उलगडले. हाड मोडले होते. सहा आठवडे आराम. पुढचा सामना चार आठवड्यांवर होता.

"तुला कळलं होतं ना काल?" स्टूने हळूच विचारले.

"हो." तिने मान वर केली नाही. "मी नाही म्हणायला हवं होतं. रात्रभर तेच डोक्यात होतं."

"मग मी तुझ्याशी कधीच बोललो नसतो."

"बोट तरी शाबूत राहिलं असतं."

एफी हातमोजा काढत म्हणाली, "डॅडी, पुढच्या वेळी कधी यायचं मी?" स्टूचा डावा हात पुन्हा माझ्या कडेखाली गेला. या वेळी त्याचे बोट कोणी दाबत नव्हते.

"पुढच्या वेळी मी बसणार आहे, एफी," तो म्हणाला. "पण आता तुला माहितीय ना, मी उठलो की काय करतो?"

चार आठवड्यांनी त्यांनी तो सामना कसाबसा एका बुधवारी बसवला. गोलमध्ये एकोणीस वर्षांचा एक मुलगा होता. आम्ही चार गोलांनी हरलो. भिंतीतून फारसे काही ऐकूच आले नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्यांचे चेहरे मोकळे होते. त्यांना दोष कसा देऊ? त्यांच्या पिंढऱ्या माझ्यावरच तर टेकल्या आहेत. उन्हाळ्यात स्टू गेला. जाताना माझ्या कातड्यावर दोनदा थोपटून गेला.

आता मी गवत कापायच्या यंत्रामागे, सामानाच्या खोलीत आहे. कातडे एका बाजूने फाटले आहे आणि घोड्याचे केस बाहेर डोकावतात. हेदर अधूनमधून येऊन वरची धूळ पुसते.

मित्रांनो, मी फार वर्षे गप्प राहिले, म्हणून आज दोन गोष्टी मागते. कोणी "दुखत नाही" म्हणाले, तर त्याच्या तोंडाकडे बघू नका, हात कुठे आहेत ते बघा. आणि वर्षभर एकाच दिवसाची वाट बघणारे माणूस तुमच्या घरात, तुमच्या वर्गात असेल, तर तो दिवस तुम्हाला कितीही अडचणीचा वाटला तरी त्याच्यासमोर तसे म्हणू नका. दमलेल्यांना विसावा द्या, जरूर द्या. पण चौकोन भरताना एकदा मागे वळून बघा, कोपऱ्यात कोणी बसले आहे का.

निळी चकती अजून माझ्या पायाला चिकटलेली आहे. डब्यात एक कमी आहे, हे कोणाच्या लक्षात आले नाही. थंडीत लोखंड गार पडते, पण ती सुटत नाही. एफीने मला सांगून ठेवले आहे, म्हणून मी ती जपते.

जागा झाली, तर सांगा.