सोसणारा फ्यूज

अ‍ॅम्प्लिफायरच्या फ्यूजमध्ये माणूस बसवायचा असतो, हे नीळकंठ सामंतला ठाऊक होतं. कोणाला बसवायचं, एवढंच ठरत नव्हतं.

बाकी सगळं तयार होतं. दोन वर्षं दर रविवारी तो आणि त्याचा मित्र यदुनाथ गाडगीळ शेजारी शेजारी बसून, एकाच सर्किटवरून दोन अ‍ॅम्प्लिफायर जोडत आले होते. तारांना डाख कसा द्यायचा हेसुद्धा यदूनेच शिकवलं. "तुझ्यावर वेळ आली ना नीळू, तर आधी मी जळेन," असं तो धूर फुंकत म्हणायचा. यदूचा अ‍ॅम्प्लिफायर दिवाळीतच वाजू लागला. फ्यूज कुठला घातलास म्हणून विचारलं, तर म्हणाला, "होता एक घरचाच." नीळकंठने जास्त खोदून विचारलं नाही. दिवाळीपासून त्याच्या स्वतःच्या छातीत रोज संध्याकाळी जळजळायचं, आणि डॉक्टर पित्ताच्या गोळ्या देत होते.

मिरजेच्या बाजारात रेडिओचे सुटे भाग विकणाऱ्या मुजावरचाचांनी फ्यूजची काचेची एक नळी त्याच्यापुढे ठेवली. आत केसाएवढी तार, बाकी मोकळं.

"सोसणारा पायजे का तडकणारा?"

"काय फरक?"

"बटण दाबलं की ट्रान्सफॉर्मर पयला झटका देतोय. तडकणारा तिथंच जातो. सोसणारा तेवढं सोसतो, पण घर पेटायच्या आधी तुटतो. तसला माणूस बघा."

नीळकंठने आपली माणसं डोळ्यांसमोर आणली. बायको कुसुम वरणात मीठ कमी म्हटलं तरी तडकते, ती बाद. थोरले बंधू घराचा कोळसा झाला तरी तुटायचे नाहीत, तेही बाद. राहिला यदू. नीळकंठने नळी तोंडाशी नेली आणि हळूच "यदुनाथ" म्हणाला. त्याला विचारायला हवं होतं, असं एकदा मनात येऊन गेलं. पण आपल्या माणसाला काय विचारायचं?

नळी रिकामीच राहिली.

"ह्यो बसत नाही," चाचा म्हणाले. "दुसऱ्यासाठी तुटणारा नव्हं."

नीळकंठची कानशिलं तापली. रागाच्या भरात त्याने स्वतःचंच नाव घेतलं. तरी नळी रिकामी.

चाचांनी ती उजेडात धरून बघितली. "तुम्ही लागलाय की आधीच कुठंतरी."

तो तडक यदूकडे गेला. बैठकीत चार पाहुणे गाणं ऐकत बसले होते. अ‍ॅम्प्लिफायरचं मागचं झाकण उघडंच होतं. आत, काचेच्या नळीत, नीळकंठ गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. अंगात दिवाळीचा बदामी सदरा. तार एका बाहीतून शिरून दुसरीतून बाहेर आली होती आणि लालसर दिसत होती.

नीळकंठला रडूच आलं. "मला विचारायचंस तरी, यदू."

"तू नाही म्हणाला नसतास," यदू म्हणाला. "मग कशाला विचारायचं? आणि पहिला झटका काय सोसलास रे! बस, चहा टाकलाय."

"मला काढ तिथून."

"काढलं तर गाणं बंद पडेल. लोक बसलेत."

खिडकीजवळच्या बाई म्हणाल्या, "अजून जरा मोठं करता का? छान येतोय आवाज."

नीळकंठची छाती भाजत होती. यदूने आवाजाच्या बटणाला हात घातला, त्याच्याकडे वळला आणि आयुष्यात पहिल्यांदा विचारलं, "करू ना रे?"

नीळकंठ खुर्चीवर बसला. त्याने पाय वर घेतले आणि गुडघे पोटाशी धरले.