मोहाडीचा पितळी ज्वालामुखी

मित्रांनो, मला पाहून तुम्ही म्हणाल, हा तर पितळेचा जुना लोटा. ते खरंच आहे. पण मोहाडीच्या एका शाळेत, एका दुपारी, मी ज्वालामुखी होतो.

माझा जन्म भंडाऱ्याच्या एका कारखान्यातला. भट्टीत तांबं आणि जस्त वितळलं, रस साच्यात ओतला आणि तो निवल्यावर मी झालो. मला घासून चमक देणारे कारागीर म्हणजे बाबुलाल. काम सोडताना त्यांनी मला मोहाडीला घरी आणलं. पुढे घरात स्टीलची भांडी आली आणि मी फळीच्या टोकाला सरकलो. चिंच लावून मला घासणं मात्र बाबुलालनी कधी चुकवलं नाही.

त्यांची नात मनाली सातवीत होती. विज्ञान प्रदर्शनासाठी तिने धानाच्या बांधीतल्या चिकणमातीचा डोंगर केला आणि त्याच्या पोटात माझ्यापुरती पोकळी ठेवली. शाळेतून एकच प्रतिकृती जिल्ह्याला जाणार होती. ती आपली असावी, असं तिला फार वाटे. माझ्यासमोर बसून ती पाठ करी: जमिनीखाली खूप खोल, काही ठिकाणी खडक वितळतो. तो रस भोवतालच्या खडकापेक्षा हलका, म्हणून वर सरकतो. वर दाब कमी होतो, रसातले वायू बुडबुड्यांसारखे फुगतात आणि त्याला भेगेतून बाहेर ढकलतात. बाहेर आलेला हा लाव्हा वितळलेल्या पितळेपेक्षाही तापलेला असू शकतो. हे ऐकून मला माझी भट्टी आठवे आणि आनंद होई.

आदल्या दिवशी मनालीने माझ्यात चिंचेचं दाट पाणी भरून ठेवलं. त्यात खायचा सोडा पडला की फेस उसळणार होता. सकाळी ते बाबुलालनी पाहिलं. पितळ आणि चिंच एकत्र दिसल्यावर भंडाऱ्याचा कारागीर दुसरं काय करणार? त्यांनी मला मन लावून घासलं, विसळलं, नातीला तहान लागेल म्हणून प्यायचं पाणी भरलं आणि वर झाकणी ठेवली. माझी चमक पाहून मनाली खूश झाली. झाकणी उघडून आत मात्र तिने पाहिलं नाही.

शाळेत परीक्षक मधुकरराव आले. मनालीने सर्वांना दोन पावलं मागे सरकायला सांगितलं आणि झाकणी काढून गेरू मिसळलेला सोडा माझ्यात टाकला. साधं पाणी काय उसळणार? मी डोंगराच्या पोटात नुसता बसून राहिलो.

"पहाड झोपला वाटते," तिच्या वर्गातला धर्मेंद्र म्हणाला. सगळे हसले.

मधुकररावांनी विचारलं, "बाई, तुझा डोंगर फुटून काहून नाही राहिला?"

मनालीने डोंगराच्या पायथ्याकडे बोट दाखवलं. "सर, असा शांत डोंगरच जास्त फसवते. राखेनं जमीन कसदार होते, म्हणून लोक पायथ्याशी घरं बांधते. शेकडो वर्षं काही होत नाही. मग एक दिवस फुटते."

पुढचं तिने घडाघडा सांगितलं. तापलेल्या राखेचा आणि वायूचा लोट माणसाच्या धावण्याहून वेगाने येतो. राखेच्या ओझ्याने छपरं बसतात. पाऊस पडला की तीच राख चिखलाचा पूर होऊन खाली धावते. म्हणून शास्त्रज्ञ जमिनीचे बारीक हादरे मोजतात, आणि निघा म्हटलं की निघायचं असतं.

प्रदर्शन पाहायला आलेले बाबुलाल दारातून पुढे आले. "सर, पोरीची चुकी नाही. चिचेचं पाणी दिसलं अन् म्या लोटा घासून टाकला. मले काय मालूम, पहाड फोडाले ठेवलं होतं म्हणून."

ते तसेच फाटकावरच्या सरबतवाल्याकडे गेले आणि मूठभर लिंबं घेऊन आले. त्यांनी ती एकामागून एक माझ्यात पिळली.

मित्रांनो, काय सांगू! पोटात गुदगुल्या झाल्या आणि मी उसळलो. तांबडा फेस डोंगर उतरून टेबलावर आणि तिथून मधुकररावांच्या चपलांवर गेला.

"मागं सरका म्हटलं होतं, सर," मनाली म्हणाली. सर्वांत मोठ्याने हसले ते मधुकररावच.

मनालीचा डोंगर जिल्ह्याला गेला, आणि त्याच्यासोबत मीही, माझ्या जन्मगावी, भंडाऱ्याला.

मित्रांनो, जुन्या भांड्यांना टाकू नका, त्यांना अजून पुष्कळ कामं येतात. फक्त घासण्याआधी आत काय आहे, ते विचारत जा. माझ्या गळ्याभोवती गेरूची एक तांबडी रेघ राहिली आहे. बाबुलाल मला हातात घेतात, तिच्यावरून अंगठा फिरवतात आणि न घासताच फळीवर ठेवतात, आता अगदी मधोमध.